पाऱ्याचा सेल गेला, कॅमेरा राहिला

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत घड्याळाच्या दुकानात जाऊन पाऱ्याचा पीएक्स ६२५ सेल मागितला, तर तो मिळणार नाही. मुंबईत मिळणार नाही, आणि ज्या जपानात तो किंवा तसाच पाऱ्याचा सेल लागणारे कॅमेरे तयार झाले तिथेही मिळणार नाही. कॅमेरे मात्र कपाटांत, ट्रंकांत अजून आहेत. यशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट, ऑलिम्पस ३५, मिनोल्टा हायमॅटिक असे हे १९६० आणि १९७०च्या दशकांतले रेंजफाइंडर. फिल्मकडे नव्याने वळलेली तरुण मंडळी आजोबांचा किंवा मामांचा कॅमेरा बाहेर काढतात आणि दोन ठिकाणी अडतात. एक तर त्याचा मूळ सेल कुठे मिळत नाही, आणि दुसरे म्हणजे मागच्या दाराच्या खाचेतला स्पंज वितळून काळा चिकटा झालेला असतो.

या दोन्हींवर जगभरच्या हौशी आणि व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांनी बरेच तोडगे काढले आणि त्यांवर पुष्कळ वादही घातले. हे वाद आज कुठवर आले आहेत, त्यांतले काय निकाली लागले आणि काय लागले नाही, हे या लेखात मांडायचे आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक सल्ले थंड आणि दमट देशांत तपासलेले आहेत. ते एप्रिल-मे महिन्यातल्या मराठवाड्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

कोणते कॅमेरे, आणि ते इथे कसे

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून पाहत नाही, बाजूच्या खिडकीतून पाहतो. खिडकीच्या मध्यभागी पिवळसर चौकोनात वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचे कडे फिरवून त्या एकावर एक आणल्या की फोकस जुळतो. आत उडणारा आरसा नसल्यामुळे आवाज अगदी कमी होतो आणि हातही कमी हलतो.

आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये तेव्हा १२० रोलचे दोन लेन्सचे कॅमेरे होते. ३५ मिमीचे हे जपानी रेंजफाइंडर मला दिसले ते डॉक्टर, प्राध्यापक, इंजिनिअर यांच्या घरांत. आयात बंद असल्यासारखीच होती, त्यामुळे कॅमेरा येई तो परदेशी गेलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा मुंबईतल्या फोर्टच्या बाजारातून. सर्वसामान्य घराच्या आवाक्यात होता तो आगफा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा, आणि कृष्णधवल रोल म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. तिसरा प्रवाह सोव्हिएत कॅमेऱ्यांचा होता. फेड आणि झोर्की हे लायकाच्या घडणीवर बेतलेले रेंजफाइंडर. त्यांच्या बहुतेक नमुन्यांत सेलच लागत नाही, म्हणून या चर्चेतला अर्धा भाग त्यांना लागू होत नाही. स्पंजही त्यांत जवळजवळ नसतो. त्यांची दुखणी निराळी आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या गावांत जे काही छायाचित्रित झाले ते फिल्मवरच झाले. तोवर हे रेंजफाइंडर जुने झाले होते, पण चालू होते. मूळ सेल नेमका त्याच दशकात बाजारातून नाहीसा होत गेला.

पारा का वापरला आणि का गेला

पाऱ्याचा बटन सेल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सॅम्युएल रूबेन यांनी विकसित केला. एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला पाऱ्याचा ऑक्साइड. त्याचा दाब १.३५ व्होल्ट, आणि तो शेवटपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो. संपतो तेव्हा एकदम संपतो. कॅमेरा आखणाऱ्यांना हा गुण सोन्यासारखा होता. प्रकाश मोजायला कॅडमियम सल्फाइडची चकती, एक काटा आणि एक सेल एवढे पुरे होई, कारण दाब स्थिर ठेवण्याचे काम सेल स्वतःच करी. हजारो कॅमेऱ्यांचे मीटर या १.३५ आकड्यावर लावले गेले.

पण पारा हे विष आहे. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माशांमार्फत माणसांचे मज्जासंस्थेचे आजार निर्माण केले, आणि १९५६ साली त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. युरोप-अमेरिकेत १९९०च्या दशकात पाऱ्याच्या सेलांवर कायद्याने बंदी आली. २०१३ साली त्याच गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला आणि भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. हा सेल परत येणार नाही, आणि येऊही नये. या मुद्द्यावर गंभीरपणे वाद घालणारे आता कोणी उरलेले नाही.

त्यातूनच एक तातडीची सूचना निघते. जुन्या कॅमेऱ्यात जुना सेल तसाच असेल तर तो हातमोजे घालून काढावा, बरणीत बंद करावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा. खोबणीतली पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय खरवडून फुंकू नये.

दीड व्होल्टचा वाद

आज सहज मिळणारे सेल तीन जातींचे. अल्कलाइनचा एलआर ४४ हा १.५ व्होल्टने सुरू होतो आणि वापराबरोबर हळूहळू उतरत जातो. चांदीच्या ऑक्साइडचा एसआर ४४ हा १.५५ व्होल्ट देतो आणि पाऱ्यासारखाच शेवटपर्यंत स्थिर राहतो. तिसरा जस्त-हवेचा, कानाच्या मशीनला लागणारा ६७५ नंबरचा, निळ्या पट्टीचा सेल. तो १.४ व्होल्टच्या आसपास राहतो, म्हणजे मूळ आकड्याच्या सर्वांत जवळ.

दाब वाढला की काट्यातून जास्त प्रवाह जातो. मीटरला वाटते उजेड जास्त आहे, आणि तो छिद्र लहान ठेवतो. परिणामी निगेटिव्हवर उजेड कमी पडतो. किती कमी, ते कॅमेऱ्याच्या विद्युत-रचनेवर अवलंबून असते आणि वादाचे मूळ इथेच आहे. काही कॅमेऱ्यांत ‘ब्रिज’ रचना असते. तिच्यात दोन बाजूंची तुलना होते, म्हणून दाब थोडा वाढला तरी काट्याचा समतोल ढळत नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण, पण तो रेंजफाइंडर नाही. कॅनोनेटसारख्या बऱ्याच रेंजफाइंडरांत ही सोय नाही. तिथे फरक पडतो, साधारण अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि तो कमी-जास्त उजेडात सारखाच असेल असे नाही.

पहिला पक्ष म्हणतो, चांदीचा सेल घाला आणि फिल्मच्या वेगाचा आकडा खाली लावा. ४०० आयएसओचा रोल असेल तर कॅमेऱ्यावर २०० किंवा २५० ठेवा. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड आनंदाने सोसते, कमी उजेड सोसत नाही, म्हणून थोडी चूक वरच्या बाजूला झाली तरी बिघडत नाही. हा पक्ष सोपा आणि स्वस्त. उणीव इतकीच की चूक सगळ्या उजेडात सारखी नसेल तर एकाच आकड्याने ती भरून निघत नाही.

दुसरा पक्ष जस्त-हवेच्या सेलाचा. मूळ दाबाशी प्रामाणिक राहायचे तर हाच, असे ते म्हणतात. युरोप-अमेरिकेत पीएक्स ६२५च्या आकाराचा तयार जस्त-हवा सेलही निघाला. ६७५ नंबरचा सेल ११.६ मिमी व्यासाचा आणि मूळ सेल सुमारे १५.६ मिमीचा, म्हणून भोवती रबरी कडे आणि खाली ॲल्युमिनियम फॉइलची घडी घालावी लागते. काही कॅमेऱ्यांत धन टोक बाजूने लागते, तिथे फॉइल बाजूलाही हवी. सेलावरची निळी पट्टी काढली की हवा आत जाते आणि क्रिया सुरू होते. मग वापरा किंवा न वापरा, तो संपायला लागतो. दमट, गार हवेत तो काही महिने पुरल्याचे लोक सांगतात.

मराठवाड्यात हे गणित बदलते. हा सेल श्वास घेतो. कोरड्या हवेत त्याच भोकांतून आतले पाणी उडून जाते आणि सेल पुरा वापरण्याआधीच सुकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारची हवा हाडासारखी कोरडी असते, त्यात कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत असेल तर विचारूच नका. मी स्वतः हे सेल दोन उन्हाळे वापरले. नांदेडच्या मे महिन्यात ते काही आठवड्यांतच मंदावले. दिवाळीनंतर बसवलेले मात्र चांगले टिकले. यात एक सोय आहे. कानाची मशिनं विकणारी दुकाने नांदेडलाही आहेत आणि लातूरलाही, त्यामुळे ताजा सेल मिळणे अवघड नाही. एक मात्र पाहून घ्यावे, सेलाच्या पाकिटावरची तारीख.

तिसरा पक्ष अडॅप्टरचा. जपानचा एमआर-९ हा मूळ सेलाच्या आकाराचा धातूचा कप आहे, त्यात चांदीचा लहान सेल बसतो आणि आतला भाग दाब १.३५च्या जवळ आणतो. तो महाग आहे आणि मागवावा लागतो. हौशी लोक हेच काम शॉटकी डायोड बसवून घरी करतात. डायोडवर सुमारे ०.२ व्होल्ट खर्च होतात आणि १.५५चे १.३५ होतात. आक्षेप असा की ही घट प्रवाहावर अवलंबून असते. अंधुक उजेडात प्रवाह अगदी कमी होतो, घटही कमी होते, म्हणजे जिथे अचूकता सर्वांत जास्त हवी तिथेच डायोड कमी पडतो.

चौथा पक्ष म्हणतो, कॅमेरा उघडा आणि मीटरच १.५५ला लावून घ्या. दुरुस्तीवाला जाणकार असेल तर हा सर्वांत टिकाऊ उपाय. पण असा दुरुस्तीवाला शोधायला नांदेडकराला हैदराबादला आणि लातूरकराला पुण्या-मुंबईला जावे लागते. शिवाय कॅमेरा एकदा असा बदलला की पुढच्या मालकाला ते माहीत असायला हवे.

मला यांतला पहिला मार्ग इथल्या हवामानाला सर्वांत साजेसा वाटतो, पण एका अटीवर. आधी फोनवरचे मोफत मीटर किंवा एखादा खात्रीचा कॅमेरा शेजारी धरून तीन जागी मोजावे. भर उन्हात, सावलीत आणि घरात. चूक तिन्हीकडे सारखी निघाली तर आकडा खाली लावून प्रश्न मिटतो. वेगवेगळी निघाली तर जस्त-हवा किंवा अडॅप्टर. घड्याळाच्या दुकानात ‘तो ४४ नंबरचा’ म्हटले की बहुधा एलआर ४४ किंवा त्याचाच भाऊ एजी १३ हातात पडतो. चांदीचा हवा तर एसआर ४४ किंवा ३५७ असे स्पष्ट मागावे लागते.

इलेक्ट्रो ३५चे वेगळे प्रकरण

१९६६ साली आलेली यशिका इलेक्ट्रो ३५ या सगळ्या हिशोबाबाहेर आहे. तिला ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा लांबट सेल लागे. आज त्याजागी ६ व्होल्टचा ४एलआर ४४ चालतो, किंवा चार एलआर ४४ एकावर एक ठेवून कागदाच्या नळीत गुंडाळले तरी तेच होते. लांबी कमी पडते ती स्प्रिंगने भरायची. चार दशांश व्होल्टने या कॅमेऱ्यात फारसा फरक पडत नाही, यावर जवळजवळ एकमत आहे.

इलेक्ट्रोचे खरे दुखणे आत आहे. फिल्म पुढे सरकवताना तिच्या पोटातून एक ‘खट्’ आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतली रबराची छोटी गादी झिजून गेली आहे आणि शटरचा वेळ चुकतो आहे, असे समजावे. म्हणजे सेल बदलून पिवळा-लाल दिवा लागला तरी फोटो नीट येईलच असे नाही. गादी बदलण्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो. शिवाय सेल गळून खोबणीतली तार हिरवी पडलेली असेल तर ती कापून नवी झाळावी लागते. मोबाइल दुरुस्त करणारा नेटका माणूस हे काम अर्ध्या तासात करतो, फक्त त्याला आधी समजावून सांगावे लागते.

सेलच नसेल तर इलेक्ट्रो फक्त सेकंदाच्या पाचशेव्या भागाला चालते. पुस्तकांत हे अपंगत्व म्हणून लिहिलेले असते. आपल्या उन्हात मी ते तसे मानत नाही. ४०० आयएसओचा रोल आणि छिद्राचा आकडा एफ १६ ठेवला की लख्ख उन्हातला फोटो बरोबर येतो. ढग आले तर एफ ८ आणि उघड्या सावलीत एफ ५.६. कंधारच्या किल्ल्यात किंवा माळेगावच्या यात्रेत दुपारी एवढे पुरते. कॅनोनेट, ऑलिम्पस ३५ एसपी, हायमॅटिक ७एस यांना तर सेलाविना सगळे वेग हाताने लावता येतात. त्यामुळे पाचवा पक्षही आहे. तो म्हणतो, मीटर विसरा, उजेड डोळ्यांनी शिका. तो शिकायला एक-दोन रोल वाया जातात, आणि आजच्या रोलच्या किमतीत ते परवडत नाही, ही त्याच्यावरची रास्त हरकत.

स्पंज, लोकर, मखमल

दाराच्या खाचेतला मूळ स्पंज पॉलियुरेथेनचा. हवेतली वाफ त्याचे दुवे हळूहळू तोडते, उष्णता त्याला मदत करते, आणि तीस-चाळीस वर्षांत त्याचा डांबरासारखा लगदा होतो. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेल्या कॅमेऱ्यात हे लवकर होते. मग दाराच्या कडेने उजेड शिरतो आणि रंगीत फोटोंवर नारिंगी पट्टे उमटतात. इथल्या स्टुडिओवाल्यांच्या भाषेत ‘रोलला उजेड लागला’.

जुना लगदा काढण्याबद्दल मतभेद नाही. लाकडी दातकोरणी, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि भरपूर धीर. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे द्रावण ‘आयपीए’ या नावाने सहज मिळते. ते चमच्याने ओतायचे नाही, काडीवर घ्यायचे. ओघळून लेन्समधल्या शटरच्या पात्यांवर गेले तर पाती चिकटतात आणि दुखणे वाढते.

नवे काय भरावे, यावर मात्र तीन मते आहेत. एक, कापून तयार मिळणारा चिकट स्पंज. दिसायला मुळासारखा, बसवायला सोपा. हरकत अशी की तोही पॉलियुरेथेनचाच असेल तर काही वर्षांनी पुन्हा तेच. बंद पेशींचा फोम जास्त टिकतो, पण जाडी एक मिलिमीटरने जरी चुकली तरी दार लागत नाही आणि जोर लावला तर बिजागरी वाकते. शाळेच्या हस्तकलेचा काळा फोमशीट बरेच जण वापरतात. तो खाचेत नाही, बिजागरीच्या बाजूलाच बरा.

दोन, काळी विणायची लोकर. खाचेत एक धागा बसवला की झाले. कुजत नाही, गोंद नाही, नको वाटली तर ओढून काढता येते. आपल्या बाजारातली लोकर बहुतेक ॲक्रिलिकची असते, त्यामुळे कसरही लागत नाही. तिच्यावरचा आक्षेप तंतूंचा आहे. सुटलेला एक केस फिल्मच्या चौकटीत पडला तर रोलभर प्रत्येक फोटोवर काळी रेघ.

तीन, मखमल किंवा फेल्ट. याच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणजे ३५ मिमी रोलच्या डबीचे तोंड. तिथे फिल्म बाहेर येऊ देऊन उजेड अडवण्याचे काम कंपन्यांनी मखमलीवरच सोपवले आहे. बिजागरीच्या रुंद फटीला ती सर्वोत्तम, अरुंद खाचेत मात्र बसत नाही. म्हणून बहुतेक अनुभवी हात आता मिश्रण करतात. वर-खाली लोकर, बिजागरीला मखमल, कुलपाच्या बाजूला पातळ फोम. मीही तेच करतो. तात्पुरता उपाय म्हणून बाहेरून काळी इलेक्ट्रिक टेप लावतात, पण आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून कातड्यावर उतरतो.

फेड-झोर्कीवाल्यांना या वादात पडायची गरज नाही. त्यांचे दार खोल खाचांनीच उजेड अडवते. त्यांची काळजी शटरच्या रबरी कापडाची. झाकण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला तर लेन्स भिंगासारखी त्या कापडाला भोक पाडते. इथे हे घडायला फार वेळ लागत नाही.

किती बदलावे

संग्राहक आणि वापरणारे यांच्यात एक जुना मतभेद आहे. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या हजारो कॅमेऱ्यांची गिनीज बुकात नोंद झाली, गुरुग्राममध्ये २०१९ साली म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय उघडले. अशा संग्रहात वस्तू जशी होती तशी जपणे हे कर्तव्य असते. वापरणाऱ्याला फोटो हवा असतो. दोघांना मान्य होणारा नियम आता बऱ्यापैकी रुळला आहे. जे केले ते परत काढता आले पाहिजे. लोकर, अडॅप्टर, फॉइलची घडी या कसोटीला उतरतात. मीटरमधला रोध बदलणे, खोबणी कापून मोठी करणे उतरत नाही. घरातला एकच कॅमेरा असेल तर हा नियम पाळावा असे मला मनापासून वाटते, कारण तो पुढे कुणाच्या हाती जाईल हे आपल्याला ठाऊक नसते.

जे सुटलेले नाही

व्होल्टच्या दशांशांवर इतकी चर्चा झाली, पण त्यामागचा मोठा प्रश्न बाजूलाच पडला आहे. पन्नास वर्षांत कॅडमियम सल्फाइडची चकती स्वतःच बदलते. काहींची प्रतिक्रिया मंदावते, काही भलताच आकडा दाखवतात. अशा कॅमेऱ्यात अचूक १.३५ व्होल्ट दिले तरी उत्तर चुकीचेच येणार. शटरही म्हातारे होते. पाचशेवा भाग म्हणून सुटलेला वेळ प्रत्यक्षात तीनशेवा असू शकतो, आणि मग सेलामुळे कमी पडलेला उजेड शटर भरून काढते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि मालकाला वाटते आपला सेल बरोबर आहे. म्हणून ‘माझ्या कॅमेऱ्यात अमुक सेल उत्तम चालतो’ या अनुभवावरून दुसऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल काही सांगता येत नाही.

दुसरा अनिर्णित मुद्दा उष्णतेचा. जस्त-हवेचा सेल चाळीस अंशांच्या वर आणि कोरड्या हवेत किती दिवस नीट दाब देतो, लोकर आणि मखमल वीस उन्हाळ्यांनंतर कशी असते, याची इथली पद्धतशीर नोंद माझ्या पाहण्यात नाही. ती ठेवणे कठीण नाही. सेल बसवल्याची तारीख आणि त्याची जात कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती कॅमेऱ्याच्या तळाला, कातडी खोळीच्या आत चिकटवायची. मीटर मंदावल्याची तारीख तिच्याखाली. आमच्या इलेक्ट्रोच्या खोळीत मामांच्या हातची अशी एक चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर सेलाची किंमत होती, तारीख पुसली गेली होती.